टिन पॅन अ‍ॅली: पत्र्याच्या भांड्यांच्या गल्लीतली गाणी

पायपेटी

मंडळी, मे महिन्यात भाचीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. टाइम्स स्क्वेअर, पुतळा, पूल सगळं बघून झाल्यावर ती म्हणाली, मामा, आता कुठे? म्हटलं, वेस्ट अठ्ठाविसाव्या रस्त्यावर घेऊन चल, ब्रॉडवे आणि सहाव्या अ‍ॅव्हेन्यूच्या मधे. तिथे काय आहे? म्हटलं, पाच जुनी घरं आहेत. तिने माझ्याकडे असं बघितलं की बस.

४७ ते ५५ या विषम क्रमांकांची ही घरं. शहराने २०१९च्या डिसेंबरात त्यांना वारसा वास्तूंचा दर्जा दिला. फुटपाथवर एक पाटी बसवलीय, तिच्यावरून लोक चालत जातात. एवढंच काय ते. पण आपण 'गाणं' म्हणून जे तीन मिनिटांचं, तोंडात बसणारं, दोन महिन्यांनी विसरायचं प्रकरण ओळखतो, त्याचं पहिलं मोठं दुकान या रस्त्यावर होतं.

१८९३च्या सुमारास विटमार्क बंधूंनी आपली गाण्यांची प्रकाशनसंस्था चौदाव्या रस्त्यावरून इथे आणली. मग एकेक करत बाकीचे आले, अप्पा बळवंत चौकात पुस्तकवाले जमले तसे. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या, प्रत्येक मजल्यावर पियानो, प्रत्येकावर वेगळं गाणं. मन्रो रोझनफेल्ड नावाच्या पत्रकाराला तो गोंगाट पत्र्याची भांडी बडवल्यासारखा वाटला आणि त्यावरून 'टिन पॅन अ‍ॅली' हे नाव पडलं, असं सांगतात.

आता माझा मुद्दा. या गल्लीत विकला जायचा तो कागद. स्वरलिपी छापलेला, रंगीत मुखपृष्ठाचा. रेकॉर्ड होती, पण अजून पोरवयात. गिऱ्हाईक कोण? ज्या घरात दिवाणखान्यात उभा पियानो आहे आणि मुलगी दोन-चार वर्षं शिकलीय, ते घर. अशी घरं किती असावीत? १९०९ या एका वर्षात अमेरिकेत साडेतीन लाखांहून जास्त पियानो तयार झाले, यावरून अंदाज करा. त्या मुलीला वाजवता आलं पाहिजे, तिच्या मागे उभं राहून काकाला गाता आलं पाहिजे. म्हणून चाल एका सप्तकात, फार तर वर एखाद-दोन सूर. पट्टी सोपी. ध्रुवपद असं की दुकानात एकदा ऐकलं तर घरी पोचेपर्यंत ओठावर राहावं. या संगीताची शैली शोधायची तर आधी दुकानाचा गल्ला बघा, असं माझं मत आहे.

पहिला मोठा धमाका 'आफ्टर द बॉल', १८९२. चार्ल्स हॅरिस हा मिलवॉकीचा गृहस्थ. दारावर पाटी लावली होती: गाणी ऑर्डरप्रमाणे लिहून मिळतील. स्वतःला स्वरलिपी धड लिहिता येत नसे. गाण्याची कथा अशी: एक म्हातारा भाचीला सांगतोय की मी लग्न का केलं नाही. नाचाच्या समारंभात त्याने आपल्या प्रेयसीला परपुरुषाचं चुंबन घेताना पाहिलं, तडक निघून गेला, पुन्हा तोंड बघितलं नाही. ती गेल्यावर वर्षांनी कळतं की तो तिचा भाऊ होता! लांबच लांब तीन कडवी आणि प्रत्येकानंतर तीन-तीन मात्रांवर झुलणारं ध्रुवपद. हॅरिसने एका लोकप्रिय नाटकातल्या गायकाला ५०० डॉलर आणि विक्रीत वाटा देऊन हे गाणं नाटकात घुसवलं. पुढे १८९३च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात बँडमास्तर सूसाचा बँड ते वाजवू लागला. खप पन्नास लाख प्रतींच्या वर गेला.

(हो, तेच वर्ष आणि तेच शिकागो. विवेकानंदांचं भाषण सप्टेंबरात त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या परिषदेत झालं.)

यानंतर सगळ्यांच्या लक्षात आलं की गाणं सुचायची वाट बघायची गरज नाही, ते तयार करता येतं. आणि तयार केलं की ते लोकांच्या कानावर आदळवावं लागतं. त्यासाठी 'साँग प्लगर' ही जमात निघाली. पगारी पियानोवादक. दिवसभर दुकानाच्या काउंटरवर गिऱ्हाईक देईल तो कागद वाजवून दाखवायचा, संध्याकाळी नाटकवाल्यांच्या, हॉटेलवाल्यांच्या मागे लागायचं. १९१४मध्ये रेमिक कंपनीत आठवड्याला १५ डॉलरवर असाच एक पंधरा वर्षांचा पोरगा शाळा सोडून चिकटला. जॉर्ज गर्श्विन. दहा वर्षांनी त्याने 'ऱ्हॅप्सडी इन ब्ल्यू' केलं. दिवसाला आठ-दहा तास दुसऱ्यांची सुमार गाणी वाजवून बोटं तयार झाली असणार त्याची. ही बोटांची तालीम कुठल्या विद्यालयात मिळाली असती?

बाकी चर्चेत बोलू.

सोनचाफा७

काका, झकास! एक शब्द विचारला असता त्या बाईला तर गाणंही झालं नसतं आणि धागाही. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

विंगेतला

साँग प्लगरवरून आठवलं. त्यांची एक युक्ती वाचली होती. गॅलरीत एका पोराला तिकीट काढून बसवायचं. रंगमंचावर गाणं संपलं की पोरगं जणू भान हरपून उभं राहतं आणि ध्रुवपद परत गातं. प्रेक्षक चाट. मग सगळं थिएटर गातं. आमच्या नाटकवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, ठरवून आणलेले वन्स मोअर आम्हीही बघितलेत.

आणि एक योगायोग. १९११च्या मार्चमध्ये 'मानापमान' रंगभूमीवर आलं, आणि त्याच वर्षी तिकडे अर्विंग बर्लिनचं 'अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड' गाजलं. दोन्हीकडे नाटकातलं गाणं घरी न्यायची लोकांची धडपड सारखीच. पण आपल्याकडे विकत मिळायचं ते पदांचं पुस्तक, त्यात नुसते शब्द. चाल डोक्यात ठेवून घरी जायचं. फार तर वर 'चाल: अमुक' असा दुसऱ्या पदाचा हवाला. कागदावर सूर नाहीत, त्यामुळे प्रत्येक घरी चाल थोडी निराळी. पायपेटी म्हणतात तसा गल्ला आपल्याकडे कागदावर उभा राहणं शक्यच नव्हतं.

बेसूर

अडाणी प्रश्न. हे ३२ बारांचं, 'ए ए बी ए' वगैरे जे म्हणतात ते म्हणजे आपला मुखडा-अंतराच ना? उगाच इंग्रजी नाव देऊन भाव खातात का?

पायपेटी

बेसूरराव, प्रश्न अडाणी नाही. बऱ्याच पेटीवाल्यांनाही यात गफलत होते.

आधी गाण्याचे दोन भाग असायचे. 'व्हर्स' म्हणजे गोष्ट सांगणारं कडवं, आणि 'कोरस' म्हणजे ध्रुवपद. 'आफ्टर द बॉल'च्या काळात वजन कडव्याला होतं. नंतर हळूहळू पारडं फिरलं. दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला तीनच मिनिटं मावतात, तिथे तीन कडव्यांची गोष्ट कोण सांगणार? १९२०च्या दशकापर्यंत कडवं नुसती प्रस्तावना उरलं आणि ध्रुवपद हेच गाणं झालं. त्या ध्रुवपदाचे ३२ बार (बार म्हणजे मात्रांचा एक गट, आपल्या तालातल्या विभागासारखा), म्हणजे आठ-आठचे चार तुकडे. पहिला, तोच पुन्हा, मग वेगळा, मग परत पहिला. हा जो वेगळा तिसरा तुकडा, त्याला ब्रिज म्हणतात.

अंतऱ्याशी साम्य आहेच: वर जातो, नवं काही दाखवतो, मुखड्यावर आणून सोडतो. पण अंतरे दोन-तीन येतात, ब्रिज ध्रुवपदात एकदाच. आणि मुख्य फरक, आपला अंतरा तार सप्तकात गेला तरी षड्ज जागचा हलत नाही. ब्रिजमध्ये बऱ्याचदा षड्जाखालची जमीनच सरकते. गर्श्विनच्या 'आय गॉट ऱ्हिदम'चा ब्रिज ऐका, १९३०चं गाणं. दर दोन बारांनी वाटतं की आता इथे घर केलं, आणि तेवढ्यात पुढे ढकलतो, चार ढकलण्यांत मूळ दारात आणून उभं करतो. जॅझवाल्यांनी त्या गाण्याचा नुसता सांगाडा उचलला आणि त्यावर पुढे असंख्य चाली बसवल्या.

जर्सीची जाई

मामा, ती भाची मीच! आणि मी 'असं' बघितलं नव्हतं, ऊन लागत होतं म्हणून डोळे बारीक केले होते.

कडवं गळून पडण्याचं उत्तम उदाहरण इथे बेसबॉलच्या मैदानावर मिळतं. सातव्या डावाच्या मधल्या विश्रांतीत हजारो लोक उभं राहून 'टेक मी आउट टु द बॉल गेम' गातात. गाणं १९०८चं, याच गल्लीतलं. सगळे फक्त ध्रुवपद गातात. त्याला कडवीही आहेत हे माझ्या ऑफिसातल्या एकालाही माहीत नव्हतं. त्यात केटी केसी नावाची बेसबॉलवेडी मुलगी आहे, तिचा मित्र नाटकाला नेतो म्हणतो, ती म्हणते नको, मॅचला ने. म्हणजे सगळे पुरुष दंड थोपटत जे गातात ते खरं तर त्या मुलीचं बोलणं आहे.

आणखी गंमत म्हणजे गीतकार जॅक नॉरवर्थ आणि संगीतकार अल्बर्ट फॉन टिल्झर, दोघांनीही तोवर मोठ्या संघांचा एकही सामना पाहिलेला नव्हता. नॉरवर्थला आगगाडीतून जाताना सामन्याची पाटी दिसली, झालं.

पायपेटी

जाई, उन्हाचं मान्य.

हे 'फॉन' प्रकरण पण भारी आहे. अल्बर्टचा थोरला भाऊ हॅरी, 'अ बर्ड इन अ गिल्डेड केज' वाला. जन्मनाव आरन गुंबिन्स्की. आईचं माहेरचं आडनाव टिल्झर, ते घेतलं आणि पुढे 'फॉन' लावला, जर्मन सरदार वाटावं म्हणून. भावांनीही तेच नाव उचललं. गल्लीतले पुष्कळ लोक असे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतले. अर्विंग बर्लिन पाच वर्षांचा असताना रशियाच्या साम्राज्यातून आला, चायनाटाउनमधल्या एका हॉटेलात गाणारा वेटर होता.

कुरापत

सगळं गोड गोड चाललंय म्हणून जरा मीठ टाकतो.

कागद, गल्ला, दिवाणखान्यातली मुलगी, ठीक आहे. पण पायपेटीसाहेब, कागदावर जे छापलं ते आलं कुठून? तुमच्या धाग्यात अजून एकही काळा माणूस आलेला नाही, आणि या संगीतातून त्यांना वजा केलं तर उरतं काय, तर युरोपातल्या वॉल्ट्झची, म्हणजे तीन मात्रांच्या नाचगाण्याची नक्कल.

रॅगटाइम घ्या. स्कॉट जॉप्लिनचं 'मेपल लीफ रॅग' १८९९मध्ये मिसूरीतल्या सेडेलियाहून निघालं, तुमच्या गल्लीपासून शेकडो मैल लांब. डावा हात लष्करी कवायतीसारखा सरळ चालतो आणि उजवा हात मात्रेच्या आधीच्या नाहीतर नंतरच्या फटीत आघात देतो. सगळी मजा त्या फटीत. जॉप्लिनने प्रतीमागे एक सेंट मानधन करारात लिहून घेतलं, हे त्या काळी काळ्या संगीतकाराला क्वचितच मिळायचं. गल्लीने काय केलं? ती फट बुजवून, बोटांना सोपं करून, वर 'रॅग' शब्द छापून विकलं. बर्लिनच्या 'अलेक्झांडर'मध्ये खरा रॅगटाइम चिमूटभर आहे, ते मुळात मार्च, म्हणजे कवायतीच्या चालीचं गाणं आहे.

आणि ती मुखपृष्ठं बघितलीत का? १८९०च्या दशकात काळ्यांना चोर, जुगारी, टरबूजखाऊ दाखवणाऱ्या गाण्यांचा एक अख्खा प्रकारच होता. जाडे ओठ, बाहेर आलेले डोळे, रंगीत छपाईत. त्याला शिवीवजा नाव होतं, ते मी इथे लिहीत नाही. ही त्याआधीच्या मिन्स्ट्रल तमाशांची औलाद, जिथे गोरे लोक तोंडाला काजळी फासून नाचायचे. यातलं एक अतिशय गाजलेलं गाणं १८९६मध्ये अर्नेस्ट होगन या काळ्या कलावंतानेच लिहिलं. पैसे मिळाले, आणि त्याची टोचणी त्याला पुढे जन्मभर राहिली.

तुमचा गल्ला हाही हिशोब ठेवत होता. गोऱ्या दिवाणखान्याला जे बघून हसू येईल ते छापायचं.

पायपेटी

कुरापत, नावाला जागलात, पण बरोबर आहात. मी गल्ल्याकडे बघत बसलो आणि माल कुठून येतो ते सांगायचं राहिलं. त्यात थोडी भर.

गसी डेव्हिस हा काळा गीतकार या गल्लीच्या सुरुवातीलाच नाव करून होता. त्याचं 'इन द बॅगेज कोच अहेड', १८९६: रात्रीच्या गाडीत बाळ रडतंय, प्रवासी वैतागून म्हणतात आईकडे द्या त्याला, बाप म्हणतो, त्याची आई पुढच्या सामानाच्या डब्यात शवपेटीत आहे. गोऱ्यांच्या घराघरांत हे गाणं रडवत होतं. जॉन्सन बंधू, रोझमंड आणि जेम्स वेल्डन, बॉब कोलच्या जोडीने ब्रॉडवेसाठी सभ्य, नीटस प्रेमगीतं लिहीत होते, आणि त्याच दोन भावांनी १९००मध्ये 'लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग' केलं, जे आज तिथला काळा समाज राष्ट्रगीताच्या मानाने गातो. डब्ल्यू. सी. हँडीने 'मेम्फिस ब्लूज'चे हक्क १९१२मध्ये चिल्लर रकमेला विकले, हात पोळले, मग भागीदारीत स्वतःची प्रकाशनसंस्था चालवली. १९१४चं 'सेंट लुइस ब्लूज' स्वतःच छापलं आणि त्यावर पुढे आयुष्यभर कमाई केली. गल्ला कोणाच्या हातात आहे, यावर बरंच अवलंबून होतं म्हणायचं.

कुरापत

हे मूळ लेखात हवं होतं. बाकी मतभेद मिटले. (आज लवकर जेवतो.)

कलम_बहाद्दर

पैशांचा विषय निघालाय तर कायद्याचं थोडं.

या गल्लीच्या आधीचा सर्वांत मोठा गीतकार स्टीफन फॉस्टर, 'ओ सुझाना'वाला. १८६४मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात गेला तेव्हा पाकिटात ३८ सेंट होते. सगळा देश त्याची गाणी गात होता. सदतीस वर्षांचा होता.

मग स्वयंचलित पियानो आले, भोकं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर चालणारे. गुंडाळी विकणारा गीतकाराला दमडी देत नसे. १९०८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, भोकं माणसाला वाचता येत नाहीत, म्हणून ही प्रत नव्हे! लगेच १९०९चा कायदा आला: प्रत्येक गुंडाळीमागे, रेकॉर्डमागे दोन सेंट. हा दोन सेंटांचा दर १९७८पर्यंत तसाच राहिला. आपल्याकडची भाडेनियंत्रणाची घरं आठवली.

१९१४मध्ये संगीतकार व्हिक्टर हर्बर्ट वगैरेंनी 'अ‍ॅस्कॅप' ही गीतकार-संगीतकारांची संस्था काढली. मुद्दा असा की हॉटेलात आमचं गाणं वाजतं, तर पैसे द्या. हॉटेलवाले म्हणाले, आम्ही गाण्याचं तिकीट थोडंच लावतो? १९१७मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी निकाल दिला की गाण्यामुळे गिऱ्हाईक येतं, त्याचा पैसा जेवणाच्या बिलातूनच वसूल होतो, सबब द्या.

आता खरी गंमत. १९४१मध्ये रेडिओवाले आणि अ‍ॅस्कॅप यांचं दरावरून फाटलं. रेडिओने जानेवारीपासून महिनोन्‌महिने त्यांची गाणी वाजवणंच बंद केलं. मग वाजवायचं काय? ज्यांचे हक्क संपलेत ते. त्यामुळे अमेरिकाभर रेडिओवर सकाळ-संध्याकाळ कोण? स्टीफन फॉस्टर. फुकट.

सोनचाफा७

३८ सेंट वाचून कसंतरी झालं.

गिरगावचा_गण्या

'सीआयडी'मधलं 'ये है बंबई मेरी जान' हे 'क्लेमेंटाइन'वरून उचललंय, म्हणजे आपली मुंबईही या गल्लीची कर्जदार म्हणायची की!

पायपेटी

कर्जदार खरी, पण या सावकाराची नाही. 'क्लेमेंटाइन' १८८४चं, गल्ली बसायच्या आधीचं. चाल मात्र त्याच झुलत्या तीनाची.

मांडवीकाठ

गण्याने चुकीचं दार ठोठावलं, पण घर बरोबर आहे. मुंबईला हे संगीत कागदावरूनच आलं, आणि तो कागद वाचणारे होते आमचे गोंयकार. गोव्यात चर्चच्या शाळेत पोरांना सोल्फेजो (म्हणजे स्वरलिपी वाचून गाणं), व्हायोलिन शिकवायचे, त्यामुळे स्वरलिपी म्हणजे आमच्या पूर्वजांची बाराखडी. १९३५मध्ये ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबीचा आफ्रिकन-अमेरिकन जॅझ बँड आला, मागोमाग पियानोवादक टेडी वेदरफर्ड. त्यांचं ऐकून, परदेशातून आलेले छापील कागद वाजवून एक पिढी तयार झाली. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, त्यातलाच. रात्री हॉटेलात ट्रम्पेट, दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. आपल्या चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त तो पडद्यावरही दिसतो, १९५१. त्यातल्या गाण्यांत पेटीवर अण्णांनी, म्हणजे चितळकरांनी दिलेली चाल आणि ब्रासची, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांची ती फेक, दोन्ही एकत्र ऐका.

बेसूर

वरती बर्लिनचं नाव आलं म्हणून. त्याला पियानो एकाच पट्टीत वाजवता यायचा हे खरं का? मग एवढी गाणी?

पायपेटी

खरं. एफ शार्प, म्हणजे आपली काळी तीन. बहुतेक बोटं काळ्या पट्ट्यांवरच. दुसरी पट्टी हवी असेल तर? त्याच्या पियानोला खाली एक दांडा होता, तो फिरवला की आतली यंत्रणा सरकायची. बोटं तिथेच, सूर दुसरे. म्हणजे स्केल चेंजर पेटी! त्यातला एक पियानो स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलाय. ज्यांना शुद्धतावादी मास्तर स्केल चेंजरवरून टोमणे मारतात त्यांनी हे पाठ करून ठेवावं. एकशे एक वर्षं जगला, 'व्हाइट ख्रिसमस' लिहिलं, काळी तीन सोडली नाही.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. जाईचं बेसबॉलचं गाणं पेटीवर काढा. पहिल्या दोन ओळी अशा, तीन-तीन मात्रांत:

सा ऽ सां | ध प ग | प ऽ ऽ | रे ऽ ऽ
सा ऽ सां | ध प ग | प ऽ ऽ | ऽ ऽ ऽ

पहिल्याच पावलाला सप्तकभर उडी. १९३९च्या 'ओव्हर द रेनबो'ची सुरुवातही अशीच, सा वरून थेट सां. काकाला गाता आलं पाहिजे म्हटलं, पण काकाला एवढी एक उडी मारू द्यायची, मग त्यालाही आपण गवई झाल्यासारखं वाटतं.

विंगेतला

अहो, सा रे ग प ध! हा भूप झाला की!

कुरापत

भूप कसला, धैवतावरून उतरतोय, देशकार म्हणा.

विंगेतला

देशकारात धैवतावर ठाण मांडावं लागतं. इथे एक मात्रा टेकतोय. ठाण पंचमावर आहे.

बेसूर

काळी दोनमधून वाजवून बघितलं. दोन ओळी भूप, किंवा तुम्ही दोघं म्हणाल ते. पण तिसरी ओळ यूट्यूबवरून काढली तर तिथे ध, कोमल ध, ध असं येतंय. मग राग कुठला?

पायपेटी

तिसऱ्या ओळीत पोरगी शेंगदाणे मागते आहे. तिथे राग विचारू नका.